परतीची हवा

शरदिनीबाईंनी तो टर्बो पाहिला आणि त्यांना हसू फुटलं. हसू नये हे कळत होतं, कारण लेक शेजारीच उभी होती आणि तिचं तोंड एवढंसं झालं होतं. पण बाईंचा नाइलाज झाला. बनारसच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी टर्बो विभागात गेली. तिथला टर्बो क्रेननं उचलायचा. जमिनीवर ठेवला की त्यांच्या कमरेला लागायचा. आणि इथं, या निळ्या, बुटक्या, जमिनीला पोट टेकेल की काय अशा गाडीच्या बॉनेटखाली, एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेला हा टर्बो होता नारळाएवढा.

“हा? अगं, हा तर माझ्या पोळपाटावर मावेल!”

“मावेल गं,” अंतरा म्हणाली. “पण तू जरा ढंगानं बघशील का? मजाक नंतर कर.”

अंतराची मराठी अशीच होती. जन्म बनारसचा, शाळा बनारसची, मैत्रिणी बनारसच्या. मराठी फक्त घरात, आणि तीही आईनं डोळे वटारले की. शरदिनीबाई अमरावतीहून नोकरीसाठी इथं आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचे यजमान मोहनराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी भोसले घाटावर पोहायला जात आणि पोहण्यापेक्षा पायऱ्यांवर गप्पाच जास्त ठोकत. मुलगी इंजिनिअर झाली तेव्हा ती कुठल्याशा मोठ्या कंपनीत चिकटेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिनं लहरताऱ्याला पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आणि गॅरेज काढलं. तेही साधंसुधं नव्हे, वेगवान गाड्यांची इंजिनं खोलून नव्यानं बांधून देण्याचं.

तिथं तिनं आईला आजवर कधी सल्ल्यासाठी बोलावलं नव्हतं. बाईही बोलावल्याशिवाय नाक खुपसणाऱ्यातल्या नव्हत्या, निदान लेकीच्या देखत तरी. आज दुपारी जेवता जेवता अंतरा ताटाकडे बघत म्हणाली, “आई, एकदा चलशील का?” आणि बाई हातातला घास तसाच टाकून उठल्या. इतकं मनापासून बोलावणं त्यांना माहेरहूनही कधी आलं नव्हतं.

गाडी होती विश्वेशबाबूंची. चौकात त्यांचं बनारसी साड्यांचं दुकान होतं आणि हौस दांडगी होती. ही जपानहून आलेली जुनी गाडी त्यांनी कुणाकडून तरी मिळवली. इंजिन मरायला टेकलेलं होतं. पावसाळाभर खपून अंतरानं ते पुन्हा उभं केलं. दसऱ्यानंतर गाडी रस्त्यावर आली तेव्हा पहिले दोन दिवस ती अशी पळाली की विश्वेशबाबूंनी अख्ख्या चौकाला पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी गाडीचा दमच गेला. टर्बो इंजिनात जी हवा कोंबतो तिचा दाब, म्हणजे बूस्ट, दाखवणारा काटा पूर्वी तबकडीच्या वरच्या टोकाला जाई. आता निम्म्यावर येऊन तो अडून बसायचा. आठवडा झाला, अंतरानं काय काय करून पाहिलं, काटा ढिम्म.

विश्वेशबाबूंनी उद्या दुपारी दिल्लीहून ट्रक मागवला होता. तोवर गाडी नीट झाली नाही तर ती ट्रकवर चढून दिल्लीच्या मोठ्या वर्कशॉपला जाणार होती. बनारसमध्ये असली गाडी असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी, आणि ती सगळी एकमेकांना ओळखणारी. ही गाडी गेली की अंतराचं नावही तिच्याबरोबर जाणार हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

“आणि आई, ते पुण्याचे लोक आहेत ना,” अंतरा पान्यानं तळहातावर टकटक करत म्हणाली, “नोकरीला बोलावणारे कंपनीवाले. त्यांचा पण उद्याच फोन आहे. नाही सापडलं तर मी हो म्हणून टाकणार. गॅरेज बंद.”

जगभरचे नातेवाईक इतकी वर्षं सांगत होते, पोरीला पुण्याला पाठवा, आपल्या माणसांत पाठवा. बाई मान डोलवायच्या. मनातून त्यांना पोर इथं हवी होती. सकाळी चहाच्या कपासाठी भांडायला, रात्री ग्रीसचे हात घेऊन स्वयंपाकघरात शिरायला हवी होती. पण हे त्या कधी बोलल्या नाहीत. आपल्या सोयीसाठी मुलांचे पाय बांधायचे नाहीत असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं, आणि बजावलेलं पाळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“बघू तरी,” त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसला.

अंतरानं टर्बोच्या तोंडावरचा पाइप सोडवला आणि बॅटरीचा झोत आत टाकला. शरदिनीबाई वाकल्या, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

आत चाक होतं. त्यांच्या तळहाताच्या खळग्यात बसेल एवढं. पाती पातळ, प्रत्येक पात्याला एक वळण, त्या वळणात आणखी एक वळण. कुठं ओरखडा नाही, कुठं खोट नाही. त्यांनी करंगळीचं टोक लावलं न लावलं तोच ते फिरलं आणि फिरतच राहिलं, कसलाही आवाज न करता.

“किती फिरतं गं हे?”

“दीड लाख.”

“तासाला?”

“मिनिटाला, आई.”

शरदिनीबाई तिथल्या टायरवर बसल्या. त्यांचा तो अगडबंब टर्बो मिनिटाला अठरा हजार वेळा फिरायचा, आणि चाचणीच्या वेळी त्या विभागातली गडी माणसंसुद्धा चार पावलं मागं सरून मनातल्या मनात हात जोडायची. दर खंडेनवमीला त्या स्वतः त्याच्यावर झेंडूची माळ घालत आल्या होत्या. त्यांनी मनाशी हिशेब मांडला. आपण नुसतं ‘राम’ म्हणेपर्यंत हे एवढंसं चाक अडीच हजार वेळा फिरून मोकळं होतं. त्यांनी हलकेच ‘राम’ म्हणून पाहिलं. अंगावर काटा आला.

टर्बोचं काम तसं समजायला सोपं. इंजिन जो धूर बाहेर टाकतं, त्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं, ते बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त तर इंधन जास्त, इंधन जास्त तर ताकद जास्त. ज्याला आपण टाकाऊ म्हणून हाकलतो तोच जाता जाता एवढं काम करून जातो, याचं नवल शरदिनीबाईंना नोकरीच्या पहिल्या दिवशी वाटलं होतं आणि शेवटच्या दिवशीही वाटलं होतं. पण ते नवल या आकारात त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“काय काय पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

अंतरानं सांगितलं. सगळे पाइप बदलले. हवेची गाळणी नवी. इथं, टर्बोच्या तोंडाशी, कॉम्प्रेसरनं हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. गळती असती तर बुडबुडा आला असता. एक नाही आला. जास्तीचा धूर टर्बोला चुकवून बाजूनं काढणारी एक दांडी असते, ती हातपंपानं हलवून पाहिली. बरोबर हलते.

“जास्तीचा धूर काढायला दांडी? आमच्याकडे नव्हती बाई असली भानगड. जेवढा धूर तेवढा सगळा टर्बोला.” बाई उठल्या. त्यांचा आवाज आता विभागप्रमुखाचा झाला होता. “माझं ऐक. धुराच्या बाजूला काजळी धरली आहे. तिथली वाट अरुंद झाली की चाक पुरेसं फिरत नाही. बूस्ट पडला की टर्बो उघडायचा. सगळी हयात हेच केलं मी.”

“पण आई, काजळी एका दिवसात कशी बसेल? काल गाडी भली-चंगी होती आणि आज नाही, असं होतं का?”

“होतं.”

“उघडला तर उद्यापर्यंत परत बंद नाही होणार. सील इथं मिळत नाहीत. गाडी तुकड्यांत दिल्लीला जाईल.”

“मग जाऊ दे तुकड्यांत. निदान दोष काय ते तरी कळेल.”

अंतरानं वाद घातला नाही. एरवी तिनं आईला उभं आडवं घेतलं असतं. ती फक्त म्हणाली, “ठीक आहे. सकाळी उघडू,” आणि हात पुसायला लागली. तिच्या त्या मऊ आवाजानं बाईंना जे वाटलं ते भांडणानं कधी वाटलं नसतं. पोर हरली होती.

सकाळी मोहनराव घाटावर गेले आणि शरदिनीबाई चहा गाळता गाळता थांबल्या. काजळी एका दिवसात बसत नाही. हे त्यांना कालही ठाऊक होतं. काजळी महिनोन्‌महिने बसते, काटा रोज तसूतसूनं खाली येतो. एका दिवसात निम्मा बूस्ट गेला म्हणजे काहीतरी सुटलं, नाहीतर काहीतरी अडकलं. मग काल आपण ‘होतं’ का म्हणालो? लेकीनं पहिल्यांदा काही विचारलं आणि आपल्याला उत्तर येत नाही, हे तोंडातून निघेना म्हणून. स्वतःचाच त्यांना असा राग आला की चहा तसाच ठेवून त्यांनी रिक्षा पकडली.

अंतरा पान्यांची पेटी उघडून बसली होती. दोन बोल्ट सैल करूनही झाले होते.

“थांब! हात लावू नकोस त्याला,” बाई शेडच्या दारातूनच ओरडल्या. “काल मी चुकीचं सांगितलं. काजळी नाहीये. मला काही कळलेलं नाही. आधी मला या गाडीतून फिरवून आण.”

अंतरानं मान वर केली. आई ‘मला कळलेलं नाही’ असं म्हणते आहे, यावर तिचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला. मग तिनं बोल्ट घट्ट केले आणि किल्ली घेतली.

त्या गाडीत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. बाई आधी टेकल्या, मग पाय घेतले, मग पदर. गाडी रिंगरोडला लागली. धुकं नुकतंच विरत होतं. अंतरानं पाय दाबला, गाडी गुरगुरली, पुढं गेली.

“मस्त पळते की!” बाई म्हणाल्या.

“ही पळत नाही आई. ही टहलते आहे.” अंतरानं काट्याकडे बोट केलं. काटा निम्म्यावर येऊन थांबला होता.

शेडपाशी येऊन इंजिन बंद होताच बाईंनी बॉनेट उघडायला लावलं आणि तळहात पुढं केला. कारखान्यातली त्यांची ही सवय. मीटरं नंतर, आधी हात. हवा दाबली की तापते, त्यामुळं टर्बोतून इंजिनाकडे जाणारा पाइप गरम असणारच. तो होता, चटका बसला. गाळणीतून टर्बोकडे येणारा पाइप मात्र गार हवा. त्यातून तर बाहेरची सकाळची हवा आत येते. बाईंनी गाळणीपाशी हात ठेवला. गार. हात टर्बोच्या दिशेनं सरकवला. गार, गार, आणि मग एकदम गरम.

त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला. अर्धा पाइप गार, अर्धा गरम. आणि मधे अशी रेघ, जणू कुणी ओढून दिली आहे.

“अंतरा, इथं हात लाव.”

अंतरानं लावला.

“हा पाइप इथून पुढं तापलेला का आहे? ताजी हवा वाटेतच कशी तापते? मला हे कळत नाही.” बाईंना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या इंजिनात असं काही घडूच शकत नव्हतं.

अंतरानं ती रेघ बोटानं चाचपली. जिथं पाइप तापायला सुरुवात होत होती, तिथं त्याला बाजूनं एक छोटी नळी येऊन मिळत होती. नळीचं दुसरं टोक एका झडपेला जोडलेलं होतं. अंतराचे डोळे विस्फारत गेले.

“आई,” ती म्हणाली. “हवा बाहेर जातच नाहीये. ती परत येते आहे.”

आणि मग ती भराभरा बोलायला लागली, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. गाडी जोरात असताना चालवणाऱ्यानं पाय काढला की दाबलेल्या हवेला जायला जागा राहत नाही. ती उलटून चाकावर आपटू नये म्हणून ही झडप क्षणभर उघडते आणि हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी आणून सोडते. पाय दाबला की झडप बंद व्हायला हवी. ती नीट मिटत नसेल तर टर्बो हवा दाबतो, त्यातली निम्मी झडपेतून मागं येते, तो तीच पुन्हा दाबतो, ती पुन्हा मागं येते. बिचारा जीव तोडून फिरतोय आणि आपलीच हवा गोल गोल फिरवतोय.

“मग साबणाचा बुडबुडा का नाही आला?”

“कारण मी पण गधीच आहे! मी हवा भरली ती इथून, तोंडातून. मतलब झडपेच्या या बाजूला जेवढा दाब, तेवढाच त्या बाजूला. बुडबुडा कुठून येणार? गळती घरातल्या घरात आहे, आई. मी बाहेरून कान लावून बसले होते.”

शरदिनीबाईंनी कपाळाला हात लावला. सगळी हयात टर्बोत काढून त्यांना हे सुचलं नसतं, कारण हवा परत आणायची वाटच त्यांच्या इंजिनात नव्हती. आणि पोरीला तो पाइप गरम आहे हे कळलं नसतं, कारण तिच्या पिढीला हात लावून बघायची सवय नव्हती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अंतरा हसली, कितीतरी दिवसांनी.

झडप दोन स्क्रूंवर होती. ती सुटून हातात आली. अंतरानं ती उजेडाकडे धरली. झडपेची गोल चकती जिथं टेकते त्या कडेवर, बरोबर मधे, एक तांदळाचा दाणा होता. त्याचा निम्मा भाग चपटा झाला होता. आणि रंग होता कुंकवाचा.

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

खंडेनवमीच्या दिवशी अंतरा कुठलासा सुटा भाग आणायला गोदौलियाला गेली होती. शरदिनीबाईंकडे शेडची दुसरी किल्ली होती. घरातली हत्यारं पुजायची आणि लेकीची राहू द्यायची, हे त्यांच्या मनाला पटेना. त्या ताम्हन घेऊन आल्या, पान्यांना हळदकुंकू लावलं, आणि मग ते उघडं इंजिन दिसलं. त्याच्यावर त्यांनी ओंजळभर अक्षता टाकल्या. मनापासून, भरल्या डोळ्यांनी टाकल्या. अंतराला इंजिनाजवळ धूळसुद्धा खपत नसे, म्हणून जाताना त्यांनी एकेक दाणा वेचला, कुंकू पुसलं आणि गुपचूप घरी आल्या. एकेक दाणा वेचला असं त्यांना वाटलं होतं. टर्बोतून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाच्या उघड्या तोंडात एक पडला होता. दोन दिवस तो आत कुठंतरी भटकला असेल, आणि तिसऱ्या दिवशी उघडलेल्या झडपेतून निघता निघता नेमका मिटत्या कडेत सापडला.

“मी टाकल्या होत्या,” शरदिनीबाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. “नवमीला. तू नव्हतीस तेव्हा. अंतरा, माझ्यामुळं झालं हे सगळं.”

अंतरानं चिमट्यानं दाणा सुटा केला आणि बाटलीच्या एका झाकणात ठेवला.

“एवढासा,” ती म्हणाली. रागावून नव्हे. तिच्या आवाजात नवल होतं. “पावणेतीनशे घोड्यांच्या ताकदीला यानं धरून ठेवलं, आई. यानं एकट्यानं.”

मग तिनं झडप पुसली, बसवली, स्क्रू आवळले आणि म्हणाली, “बस गाडीत.”

शरदिनीबाईंना बसायचं नव्हतं. त्यांना घरी जाऊन देवापुढं डोकं आपटायचं होतं. पण लेकीच्या आवाजाला नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. पुन्हा तीच विहीर, तोच रिंगरोड. उड्डाणपूल ओलांडून मोकळा रस्ता लागला.

“पाठ टेकून बस,” अंतरा म्हणाली आणि पाय दाबला.

आधी काहीच झालं नाही. मग कुठूनतरी एक शीळ उठली, बारीक, चढत जाणारी. शरदिनीबाईंना ती झोपेतही ओळखता आली असती; फक्त त्यांच्या कारखान्यात ती जाड गळ्याची होती. शीळ चढली आणि त्यांच्या पाठीत कुणीतरी दोन्ही हात घालून त्यांना पुढं ढकललं. झाडं, खांब, विटांच्या भट्ट्या मागं फेकल्या गेल्या. छातीतला श्वास छातीतच राहिला. काटा वरच्या टोकाला जाऊन उभा होता. अंतरानं पाय काढला, झडपेनं ‘फुस्स’ केलं, आणि जग पुन्हा जागेवर आलं.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी आयुष्यात किती टर्बो जुळवले, किती तपासले, किती देशभर पाठवले. त्यांच्या जोरावर माणसांनी भरलेल्या गाड्या घाट चढल्या. पण त्या स्वतः चाचणीच्या खोलीत काचेमागं उभं राहून फक्त काटे बघत आल्या होत्या. हा जोर असा असतो, असा पाठीला लागतो, हे त्यांना कुणी कधी दाखवलं नव्हतं.

“हे मी करत होते?” त्या पुटपुटल्या. “इतकी वर्षं?”

“हेच करत होतीस,” अंतरा म्हणाली.

दुपारी विश्वेशबाबू आले. त्यांच्यामागं ट्रकही आला. बाबूंच्या गालात पान होतं आणि तोंडाची टकळी चालू होती. दिल्लीचा मिस्त्री कसा, दिल्लीची मशिनं कशी. अंतरानं त्यांचं बोलणं न तोडता किल्ली पुढं केली. ते गेले. शरदिनीबाई शेडच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. गाडी नीट झाली याचा आनंद त्यांना होईना. आता हा माणूस विचारणार, झालं काय होतं. आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या चौकाला कळणार की हिच्या गॅरेजात आया येऊन इंजिनात तांदूळ टाकतात. नाव टिकवायला म्हणून एवढं केलं, आणि ते जाणार ते आपल्याच ओंजळीतून.

गाडी परत आली. विश्वेशबाबू उतरले आणि दाराला धरून उभे राहिले. टकळी बंद होती. त्यांनी गाल चाचपला.

“पान कहाँ गया?” ते स्वतःशीच म्हणाले. “निगल गए हम.”

अस्सल बनारसी माणूस पान गिळत नाही. ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा त्यांच्याकडे आदरानं बघायला लागला. थोड्या वेळानं त्यांना वाचा फुटली आणि त्यांनी तेच विचारलं, “बिटिया, खराबी क्या थी?”

शरदिनीबाई पुढं झाल्या. “भाईसाहब, वो मैंने...”

“गलती मेरी थी,” अंतरा म्हणाली. तिनं झाकणातला दाणा दाखवला. “इंजन खुला था। पाइप का मुँह मैंने ढका नहीं था। पूजा के चावल का एक दाना अंदर चला गया।”

“चावल? डाला किसने?”

“जिसने भी डाला हो। मुँह ढकना मेरा काम था।”

विश्वेशबाबूंनी झाकण हातात घेतलं. दाण्याकडे पाहिलं, अंतराकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या शरदिनीबाईंकडे. त्यांना सगळं कळलं असावं; साड्यांच्या गादीवर बसून माणसं ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते ट्रकवाल्यापाशी गेले आणि त्याला परत जायला सांगितलं. तो कुरकुरत गेला. “शाम को ले जाऊँगा,” एवढं म्हणून बाबू नवं पान शोधायला निघाले.

शरदिनीबाई जागच्या हलल्या नाहीत. नोकरीत त्यांनी पुष्कळ चौकशा पाहिल्या होत्या. इंजिन बंद पडलं की आधी माणूस शोधायचा, मग बिघाड, अशीच तिथली रीत. त्याही शोधत आल्या. आपली खरी चूकसुद्धा दुसऱ्याच्या नावावर कशी जाईल याची धडपड करणारे मोठमोठे साहेब त्यांनी पाहिले होते. दुसऱ्याची चूक अशी एका वाक्यात, आवाज न चढवता, स्वतःकडे ओढून घेणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. आणि ते माणूस आपल्या पोटचं आहे, हे त्यांना खरंच वाटेना.

अंतरा झडपेचे स्क्रू शेवटचे तपासायला पुन्हा बॉनेटखाली शिरली होती. टेबलावरचा तिचा फोन वाजला.

“पुण्याचा असेल,” ती आतूनच म्हणाली. “तूच उचल ना आई, माझे हात काळे आहेत. सांग त्यांना, नाही येत म्हणून.”

“आणि कारण विचारलं तर?”

“काहीपण सांग.”

शरदिनीबाईंनी फोन उचलला. पलीकडून एक मुलगी फार अदबीनं बोलत होती. बाईंनी सांगितलं, मी अंतराची आई, अंतरा येणार नाही. त्या मुलीनं अदबीनंच विचारलं, काही अडचण आहे का, कारण कळू शकेल का.

काम आहे म्हणावं, गॅरेज चांगलं चाललंय म्हणावं, असं बरंच काही बाईंच्या ओठांवर आलं. ते सगळं खरंही होतं.

“कारण असं काही नाही,” त्या म्हणाल्या. “मला ती इथं हवी आहे.”

बॉनेटखाली चाललेला स्क्रूड्रायव्हर थांबला, आणि बराच वेळ थांबूनच राहिला.